आडवी बाटली ते रिकामी खुर्ची : थेट कौलाच्या खमंग गोष्टी

पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लागली की आपलं काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. पण भूम तालुक्यातल्या मतदाराच्या हातात त्याहून बरंच काही आहे. ईट असो, वालवड असो, पाथरूड असो की माणकेश्वर, काही प्रश्नांवर कायदा पुढाऱ्याला बाजूला सारतो आणि थेट लोकांना विचारतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर नागरिक सह्या गोळा करून अख्खा कायदाच मतदानाला लावतात, आणि त्या प्रचारात कुणी किती पैसा ओतला यावर तिथं वेगळे नियम आहेत. आपल्याकडं असा सरसकट हक्क नाही. तो तुकड्यातुकड्यांनी आहे. ते तुकडे भूमच्या पारापासून कॅलिफोर्नियापर्यंत वेचून आणले, तर अशी मजेशीर गोळाबेरीज होते.

निवडणूक चिन्ह : बाटली

महाराष्ट्रात एक मतदान असं आहे की त्यात उमेदवार नसतो, पक्ष नसतो, आणि दोन्ही चिन्हं एकाच वस्तूची असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. गावातलं किंवा शहरातल्या प्रभागातलं परवानाधारक दारू दुकान बंद करायचं असेल, तर २००८ च्या शासन आदेशानं ही वाट ठरवून दिली आहे. मतदान गुप्त, मतपत्रिका रीतसर, मतमोजणी सरकारी अधिकाऱ्यांसमोर. ज्या बाईला घरात दारूविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही, तिला मतदानाच्या आडोशात शिक्का मारण्याची सोय आहे. या गुप्ततेतच या तरतुदीची खरी ताकद आहे.

आधी पंचवीस, मग पन्नास

मागणी कुणीही उठून केली म्हणून मतदान होत नाही. त्या भागातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी लेखी मागणी करावी लागते. मग राज्य उत्पादन शुल्क खातं सह्यांची पडताळणी करतं. सही करणारी बाई खरंच त्या यादीतली मतदार आहे का, सही तिचीच आहे का, हे तपासलं जातं. हा टप्पा पार पडला की मतदान. दुकान बंद व्हायला पन्नास टक्क्यांहून अधिक मतं लागतात. पण पन्नास टक्के कशाचे? इथंच खरी मेख आहे.

घरी बसलेलं मत उभ्या बाटलीला

आमदारकीला जेवढी मतं पडली त्यांतली सर्वाधिक मिळाली की विजय. बाटलीच्या मतदानात हिशेब पडलेल्या मतांवर नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांवर होतो. समजा यादीत १,००० महिला आहेत. मतदानाला ६०० आल्या आणि त्यांतल्या ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. म्हणजे पडलेल्या मतांपैकी ८० टक्के! तरीही दुकान चालूच राहतं, कारण लागत होती ५०१ मतं. पुण्याला कामाला गेलेली, ऊसतोडीला गेलेली, सासरी गेली तरी नाव यादीत राहिलेली, प्रत्येक गैरहजर बाई आपसूक उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. भूमसारख्या, हंगामात माणसं बाहेर जाणाऱ्या तालुक्यात मतदानाची तारीख कोणत्या महिन्यात येते यावरही निकाल फिरू शकतो. म्हणून अशी मोहीम हाती घेणाऱ्यांनी सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्यावी.

ग्रामसभेला मात्र शंभर पुरे

आता उलट टोक बघा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे आपल्या बोलीतला कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तीन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ४५०, पण कायद्याला १०० पुरतात. त्या शंभरात ५१ हात वर झाले की ठराव पास. म्हणजे तीन हजारांच्या गावाचा निर्णय पन्नासएक माणसं घेऊ शकतात. घरकुलाचा लाभार्थी कोण, रस्ता कुठल्या आळीतून, हे तिथं ठरतं. त्याच गावात १,५०० महिला मतदार असतील, तर दारूचं दुकान बंद करायला ७५१ महिला लागतात. एकाच गावात एका निर्णयाला ५१ आणि दुसऱ्याला ७५१! ग्रामसभेला न जाण्याची किंमत किती मोठी असते, ती या दोन आकड्यांत दिसते.

बायकांची सभा आधी

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात एक सुंदर तरतूद आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा गावाला पाठ असतात. त्यांच्या आदल्या महिला सभेची तारीख किती घरांत ठाऊक असते? आडव्या बाटलीची मागणी असो की पाण्याच्या टाकीची, विषय पेटवायला याहून चांगली जागा नाही.

शिवी दिली? काढा पाचशे

ठराव कशाकशाचे होतात, ते ऐका. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोनच आठवड्यांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि पोरांच्या अभ्यासासाठी टीव्ही, मोबाइल बंद होतात. वरून आदेश खाली येण्याची आपल्याला सवय. हेरवाडचा विचार मात्र खालून वर मंत्रालयापर्यंत चढला.

एकाचाही नकार असेल तर थांबा

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) तर मतमोजणीच करत नाही. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो, पुन्हा बोलणं होतं. ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे गावानं ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांची जमीनही गावाच्या नावावर करण्याचं ठरवलं. बहुमतानं जिंकण्यापेक्षा सगळ्यांना पटवणं जास्त वेळ खातं, पण मग ठरलेल्या गोष्टीला गावात विरोधक उरत नाही.

सरपंच लोकांनी आणला, लोकांनीच पाठवला

२०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायची रीत मात्र मजेदार आहे. आधी सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमतानं अविश्वास ठराव मंजूर करायचा. पण तेवढ्यानं सरपंच जात नाही. मग विशेष ग्रामसभा भरते आणि गावकरी गुप्त मतदानानं शेवटचा शब्द सांगतात. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही. ज्यांनी निवडलं त्यांनाच काढायचा हक्क, हे सूत्र रोखठोक आहे.

खाली कुर्सी, भरी कुर्सी

शेजारच्या मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलावण्याच्या मतदानात दोन चिन्हं असतात : एक माणूस बसलेली खुर्ची, एक रिकामी खुर्ची. रिकामीला जास्त मतं पडली की साहेब घरी. २००१ मध्ये अनुपपूरच्या नगराध्यक्षांना मतदारांनी असंच पायउतार केलं. देशात या पद्धतीनं पद गमावण्याची ती पहिली वेळ. छत्तीसगडमध्येही २००८ साली तीन गावांनी आपापली खुर्ची रिकामी केली. भूम हेही नगरपरिषदेचं गाव. आपल्याकडं नगराध्यक्ष थेट निवडला जातो, पण खुर्चीचं असं मतदान इथल्या कायद्यात नाही.

‘कुणीही नको’ हाही उमेदवार

मतदान यंत्रावरचं शेवटचं बटण, नोटा, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आलं. लोकसभा, विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा माणूस निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी एक पाऊल पुढे टाकलं. नोटाला काल्पनिक उमेदवार मानायचं आणि तो पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. लोकसभा, विधानसभेच्या निवडणुकीत जे बटण फक्त राग दाखवतं, ते नगरपरिषदेच्या निवडणुकीत खरोखर काम करतं.

गावानं ठरवलं, कायद्यानं थांबवलं

डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी देशभर गाजलं. माळशिरस तालुक्यातल्या या गावातल्या काही लोकांना विधानसभेच्या निकालातले आपल्या गावचे आकडे पटले नाहीत. त्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिका छापून गावापुरतं फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले आणि मतदान झालं नाही. कुणाचं बरोबर, यावर वाद अजून होतो. कायद्याचा मुद्दा मात्र स्वच्छ आहे : मतदान घेण्याचा अधिकार कायदा ज्याला देतो त्यालाच. गावानं वर्गणी काढून, पेटी ठेवून घेतलेल्या कौलाला कायदेशीर वजन नसतं. म्हणूनच कायद्यात जे दरवाजे आधीच उघडे आहेत, ते माहीत असणं महत्त्वाचं.

फूल की दोन पानं?

मराठी माणसाशी जोडलेला सर्वांत मोठा थेट कौल झाला गोव्यात, १६ जानेवारी १९६७ ला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा? विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासितचं दोन पानं. संसदेनं त्यासाठी १९६६ मध्ये खास कायदा केला. दयानंद बांदोडकर यांचं सरकार विलीनीकरणाच्या बाजूचं होतं, म्हणून मतदान निष्पक्ष व्हावं यासाठी त्या मंत्रिमंडळानं आधी राजीनामा दिला. निकाल : दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. खरी गंमत पुढं आहे. अवघ्या काही आठवड्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी बांदोडकरांच्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं. प्रश्नावर एक मत, माणसावर दुसरं मत. मतदार दोन्ही वेगळं तोलतो, याचा याहून नीट दाखला सापडणार नाही.

सगळ्यात एकतर्फी कौल

भूम निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला तो पोलीस कारवाईनं. त्याच्या सात महिने आधी, २० फेब्रुवारी १९४८ ला, जुनागड संस्थानात मात्र लोकांना थेट विचारलं गेलं : भारत की पाकिस्तान? पाकिस्तानच्या बाजूनं पडलेली मतं होती फक्त ९१. पुढं १४ एप्रिल १९७५ ला सिक्कीमच्या लोकांनी राजेशाही संपवून भारतात येण्याला ५९,६३७ विरुद्ध १,४९६ मतांनी होकार दिला.

पेणच्या २२ गावांचा सवाल

२१ सप्टेंबर २००८. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतपेट्या लागल्या. प्रश्न होता महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) जमीन द्यायची की नाही. जिल्हा प्रशासनानं घेतलेलं हे मतदान, देशात एखाद्या सेझवर शेतकऱ्यांचा असा कौल घेण्याची पहिलीच वेळ. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. धरणाचं पाणी शेतापर्यंत येण्याआधीच जमीन जाण्याची वेळ आली होती. पुढं भूसंपादन रखडलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला. नंतर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं संमतीचे आकडेच लिहून टाकले : खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची, सरकारी-खासगी भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्क्यांची.

बारा सभा, बारा नकार

ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइट काढायचं की नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ च्या निकालात ग्रामसभांवर सोपवलं. त्या पावसाळ्यात बारा वाड्यांच्या ग्रामसभा भरल्या, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर होते. बाराच्या बारा सभांनी नाही म्हटलं. त्यांतल्या काही वाड्यांत मतदारांची संख्या आपल्या एखाद्या वस्तीएवढी. पण समोर वेदान्तसारखी बलाढ्य कंपनी असूनही निर्णय फिरला नाही.

सरपंचपद : दोन कोटी पाच लाख

आता पैशाकडं वळू, कारण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातल्या उमराणे गावात २०२० च्या अखेरीस सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर, रक्कम मंदिराच्या कामाला. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये तिथली आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. देवळासाठी का असेना, मत विकायला काढलं की ते मत राहत नाही.

पंचवीस हजारांत निवडणूक

कायद्यातले आकडे बघा. २०१७ मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार लहान ग्रामपंचायतीच्या सदस्याला प्रचारात २५ हजार रुपये खर्च करता येत होते, मोठ्या ग्रामपंचायतीत ५० हजार. थेट सरपंचाला गावाच्या आकारानुसार ५० हजार, एक लाख किंवा पावणेदोन लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. विधानसभेला ही मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. नियम कडक आहेत, पण ते सगळे उमेदवाराला बांधलेले आहेत. बाटलीच्या मतदानात उमेदवारच नाही. मग बाया आणायला लावलेल्या जीपा, जेवणावळी, पत्रकं, वाटलेल्या साड्या हा खर्च मांडायचा कुणाच्या नावावर? ज्याचं दुकान वाचणार आहे, त्याच्याकडं पैसा असतो. जिचं घर मोडतंय, तिच्याकडं नसतो. आपल्या थेट मतदानातली मोठी फट ती हीच.

दक्षिण डाकोटा पहिलं

अमेरिकेत नागरिकांनी सह्या गोळा करून कायदा मतदानाला लावण्याची सोय सर्वांत आधी १८९८ मध्ये दक्षिण डाकोटानं केली. १९०४ मध्ये ओरेगॉननं ती प्रत्यक्ष वापरून दाखवली. कॅलिफोर्नियात १९११ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी ती आणली, कारण विधिमंडळ रेल्वे कंपनीच्या खिशात गेल्याची लोकांची तक्रार होती. कंपन्यांचा पैसा रोखायला जन्मलेलं हे हत्यार. पुढं काय झालं, ते आता वाचा.

एका प्रश्नासाठी वीस कोटी डॉलर

१९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कंपन्यांना अशा मतदानाच्या प्रचारात पैसा खर्च करण्यापासून अडवता येणार नाही. १९८१ मध्ये याच न्यायालयानं, प्रश्नावरच्या प्रचार समित्यांना मिळणाऱ्या देणग्यांवर मर्यादा घालणारा बर्कली शहराचा नियमही रद्द केला. कारण असं : उमेदवाराला लाच देता येते, प्रश्नाला लाच कशी देणार? परिणाम २०२० मध्ये दिसला. कॅलिफोर्नियात उबर, लिफ्टसारख्या कंपन्यांनी आपल्या चालकांना कर्मचारी न मानण्याची सूट मागणारा प्रस्ताव मतदानाला लावला, त्यावर २० कोटी डॉलरहून अधिक ओतले आणि जिंकल्या.

पण पैसा हरतोही

दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियातच सट्टेबाजीचे दोन प्रस्ताव आले. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च ४० कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. दोन्ही प्रस्ताव आपटले. ऑनलाइन सट्ट्याच्या प्रस्तावाला तर पाचातला एक मतदारही मिळाला नाही. पैशानं जाहिरात पोहोचते, पटतेच असं नाही.

सहीला पैसे

कोलोरॅडोनं सह्या गोळा करणाऱ्याला मजुरी देणं हा गुन्हाच ठरवला होता. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा एकमतानं रद्द केला. आज तिथल्या अनेक राज्यांत सह्या गोळा करणं हा पगारी धंदा आहे. आपल्याकडं आडव्या बाटलीच्या अर्जावरची प्रत्येक सही अधिकारी तपासतात. या एका बाबतीत आपली रीत जास्त काटेकोर आहे.

शंभर डॉलरचं पत्रक

ओहायोतल्या मार्गारेट मॅकइंटायर या बाईंनी शाळेच्या कराविरुद्ध स्वतः पत्रकं काढून वाटली. काही पत्रकांवर नाव नव्हतं, म्हणून १०० डॉलर दंड झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ मध्ये बाई जिंकल्या, पण तो निकाल ऐकायला त्या हयात नव्हत्या. साध्या नागरिकाच्या पत्रकाला निनावी राहण्याचा हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. एका बाईचं हातपत्रक आणि कंपनीची वीस कोटींची मोहीम यांना एकच माप लावू नये, हा यातला धडा.

फेसबुकवरची एक ओळ

मिशिगनमध्ये मतदारसंघांच्या सीमा पुढारी आपल्या सोयीनं आखत. केटी फेही या तरुणीनं २०१६ मध्ये फेसबुकवर लिहिलं की हे बदलायचंय, कोण येतंय सोबत? स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या जमवल्या. २०१८ मध्ये ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव मंजूर केला आणि सीमा आखण्याचं काम नागरिकांच्या आयोगाकडं गेलं.

गाईच्या शिंगांवर देशाचं मतदान

खव्यासाठी नाव काढणाऱ्या आपल्या तालुक्यात ही गोष्ट घराघरात रंगेल. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या की घटनेत बदलाचा प्रस्ताव देशासमोर मतदानाला जातो. आर्मिन कापाउल या शेतकऱ्यानं मागणी केली की गाईची शिंगं न काढणाऱ्या शेतकऱ्याला सरकारनं अनुदान द्यावं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अख्ख्या देशानं त्यावर मतदान केलं! प्रस्ताव हरला, पण विरोध जेमतेम ५५ टक्के होता. २०१२ मध्ये तर स्विस मतदारांनी स्वतःची पगारी रजा चारवरून सहा आठवडे करायला नकार दिला होता. आणि पैशाचं? ५० हजार फ्रँकहून मोठ्या प्रचार मोहिमेनं हिशेब उघड करायचा, १५ हजारांहून मोठ्या देणगीदाराचं नाव सांगायचं, हा देशव्यापी नियम तिथंही २०२२ मध्ये लागू झाला. थेट लोकशाहीची एवढी जुनी परंपरा, पण पैशाचा उजेड पाडायला त्यांनाही इतकी वर्षं लागली.

परक्या सरकारचा पैसा नको

अमेरिकेतल्या मेन राज्यात २०२३ मध्ये मतदारांना विचारलं गेलं : परदेशी सरकारांच्या मालकीच्या किंवा प्रभावाखालच्या कंपन्यांना इथल्या प्रचारात पैसा घालायला बंदी करावी का? ८६ टक्के लोकांनी हो म्हटलं. प्रचारातल्या पैशाचा नियम स्वतः मतदारांनीच मतदानानं ठरवला.

मतदाराला माहीत हवं

आपल्या देशानंही पैशाबद्दल मोठा शब्द दिला आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. पक्षाला पैसा कुणी दिला हे मतदाराला कळायला हवं, हा त्या निकालाचा गाभा. मग जो नियम दिल्लीतल्या पक्षाला, तो भूमच्या प्रभागातल्या बाटलीच्या मतदानाला का नको?

या सगळ्यातून एकच गोष्ट ठसठशीत होते. लोकांना थेट विचारलं तर लोक डोळसपणे उत्तर देतात. गोव्यानं दिलं, नियमगिरीनं दिलं, कॅलिफोर्नियानं सट्ट्याला दिलं. अडचण लोकांच्या शहाणपणाची नाही. ती दोन ठिकाणी आहे : एक, आपण हजर राहत नाही, दोन, प्रश्नावरच्या प्रचाराचा पैसा अंधारात राहतो. पहिली अडचण दूर करायला नवा कायदा लागत नाही. दुसरीसाठी सरकारनं २००८ च्या आदेशात एक साधं कलम घालावं : बाटलीच्या मतदानात दोन्ही बाजूंनी प्रचाराचा खर्च आणि तो देणाऱ्याचं नाव तहसील कार्यालयात जाहीर करावं, फलकावर लावावं. ही मागणी कुठूनही उठू शकते, मग भूम तालुक्यातूनच का नको? पुढच्या ग्रामसभेला जा, सोबत घरातल्या बाईला न्या, हा विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. गाव करी ते राव न करी, असं आपले पूर्वज म्हणून गेले. पण त्यासाठी आधी गाव सभेला यावं लागतं.